टोकाला आलेली पट्टी

मी चामोर्शीच्या बाजारातल्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. बोलून उपयोग नाही म्हणा, ऐकतो कोण! माझ्यावर लग्नाच्या अल्बमांचे खोके रचलेत.

नवा आलो तेव्हा मालकांनी, गुणवंतरावांनी, मला हार घातला, नारळ फोडला. पूजा केली, पण माझं ऐकलं कधीच नाही. पडद्यावर पट्टी सरकते, खाली 'इतका वेळ बाकी' असं येतं. तो माझा अंदाज. मध्ये कुणी लुडबुड केली नाही तर तो सहसा चुकत नाही. पण गुणवंतराव तिकडे न बघताच सांगायचे, "होऊन जाते, चहा पिऊन ये."

सोमारी आली ती नाटकांच्या सीझनच्या तोंडावर. गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, गायची. वडशाच्या एका नाटक कंपनीचे मॅनेजर त्या दिवशी चामोर्शीत गाणाऱ्या मुली निवडत होते, संध्याकाळी परतणार होते. त्यांना दाखवायला तिच्या गाण्याचा व्हिडिओ तेवढा तयार करायचा होता. दुपारी आरामात झाला असता.

तेवढ्यात भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आला. "हा बी लावून देतो," गुणवंतराव म्हणाले. मग कुणाचं साक्षगंध, साखरपुड्याचं शूटिंग. तिन्ही पट्ट्या हलताना बघून गुणवंतराव खूश. अहो, डोकं एकच आहे माझं! याचं थोडं, त्याचं थोडं करत मी तिघांनाही रखडवत होतो.

"भाऊ, माझं पयले होऊ द्या ना. ते उद्या नेतीन."

"मले शिकवून राह्यली का? केस पिकले माहे. मोठ्या माणसाले थांबवू?"

शेवटी तिची पट्टी टोकाला आली आणि थांबली. तिथं मी थांबतोच. सगळे तुकडे जुळवून फाइल बंद करायची असते.

"अटकला वाटते," म्हणत त्यांनी माझं बटन दाबून धरलं.

पुन्हा सुरू झालो तेव्हा सगळंच शून्यावर. त्यांनी आधी वाढदिवस लावला, तिचं त्याच्या मागे.

सोमारी माझ्यासमोर वाकली. "किती टाइम लागन?" तिनं मला विचारलं, त्यांना नाही. आकडा वाचला, बाहेरचं उतरलेलं ऊन बघितलं, चप्पल घातली आणि गेली. पुन्हा आली नाही.

दुकान रिकामं झाल्यावर मी तिचं काम एका दमात पुरं केलं. आता नव्या कॉम्प्युटरपुढे बसून गुणवंतराव तेच सांगतात, "होऊन जाते."

वडीलधाऱ्यांनो, वय झालं म्हणजे कुणाला खरी घाई आहे हे कळतंच असं नाही. काम होत आलं असताना बटनावर बोट ठेवू नका.

आणि सोमारी, तुझं गाणं झालंय. घेऊन जा.