रुंद फटीची पेटी

पहिल्यांदा खटकली ती फोनच्या वरच्या कडेला उमटलेली पिवळी पट्टी. ‘कृपया स्क्रीनकडे पाहा.’ किशोरीने पाहिलं, पट्टी गेली, आणि ती परीक्षेतल्या पुढच्या प्रश्नाला लागली. मला मात्र ते काही बरं लक्षण वाटलं नाही. फोन माझ्याच अंगात खोचलेला होता ना!

मी आंब्याची पेटी. हल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यालाही पेटी म्हणतात, तसली नव्हे. खरी लाकडी. देवगडजवळच्या एका वखारीत माझ्या फळ्या कापल्या, खिळे मारले. मारणाऱ्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, बाजूच्या दोन फळ्यांमधली फट जरा जास्तच रुंद राहिली. बागेत पेंढा भरायच्या वेळी बागेचे मालक सत्यवानकाकांनी मला उलटीपालटी करून पाहिलं आणि बाजूला टाकलं.

“ह्येच्यातसून आंबो मुंबैक पोचाच्या आधीच वाटेर उतरतलो!”

सगळे हसले. माझ्या बहिणी टेम्पोत चढल्या. पुढच्या हंगामात पुठ्ठ्याचे बॉक्स आले आणि माझं जाणंच संपलं. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, कोपऱ्यात एक कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. नापास झालेल्यांना कुठेतरी कोपरा मिळतो, आणि त्यांनी त्यात समाधान मानावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मी मानलं नव्हतं. पण पेटीला विचारतं कोण?

किशोरी ही काकांची पुतणी, बी. एस्सी. झालेली. माडाची सुकी झावळ पडली तरी छातीवर हात ठेवणारी. ओळख नसलेल्या माणसाला फोन करायचा म्हटला की तिला आधी तहान लागायची. गावाजवळच्या कॅनिंगच्या कारखान्यात आमरस तपासणारी मुलगी हवी होती. मात्र अन्नसुरक्षेच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र हंगामाआधी हातात पाहिजे. घरात रेंज नाही. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, काकांच्या आंब्याच्या कलमांत एकाच झाडाखाली रेंज येते. म्हणून किशोरीने मला मांगरातून काढलं, कोंबडीची पिसं झाडली, कलमाखाली ठेवलं आणि त्या रुंद फटीत फोन खोचला. असा घट्ट बसला म्हणता!

सुरुवातीला तिचं काही खरं नव्हतं. व्हिडिओ अडकला की ती मला लाथ मारायची. पहिल्या चाचणीत दहापैकी तीन मिळाले, तेव्हा फोन खिशात घालून गेली ती चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली, पेन्सिल काढली आणि चुकलेलं उत्तर माझ्या फळीवर लिहिलं : ‘मोजण्याआधी रस ढवळायचा.’ मग धडा पहिल्यापासून लावला. त्यानंतर चुकलं की लाथ नाही, पेन्सिल. शिकवणाऱ्या बाई फोनच्या पडद्यावर होत्या, पण चिडून उठलेलीने परत येऊन बसायचं कसं, हे ती माझ्यासमोर स्वतःच शिकली. सहा महिन्यांत माझी एक बाजू भरली. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने ते सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं. कोणी बोट दाखवायला नको म्हणून.

परीक्षा आज सकाळी अकराला होती, फोनवरच; तिची नजर आणि आजूबाजूचे आवाज यांवर फोनच पहारा ठेवणार होता. काकांनी बारापर्यंत तोंड उघडणार नाही असं कबूल केलं होतं. पण साडेअकराला वानर उतरले, आणि चाळीस वर्षांची सवय हातात असते. पत्र्याचा डबा धडाधड वाजला.

“ता सोड, मेल्या! ता नको! थंय खंय हात घालतंस?”

किशोरी दचकली, मान वळली. पिवळी पट्टी. पुन्हा डबा, पुन्हा मान. तिसऱ्यांदा पट्टी लाल झाली. ‘तीन वेळा नजर हटली. उत्तरे सांगणारी दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा बंद. तक्रार आज पाचपर्यंत फोनवरच.’

काका धावत आले. “माझी चूक झाली गो बाय. हात आपसूक गेलो. जावंदे, फुडल्या येळेक दी.”

“फुडल्या येळेक आंबे संपलेले आसतले, काका.” ती जागची उठली नाही. “आणि मी कित्याक थांबू? मी चोरी केलेली नाय.”

“मगे सांग त्येंका, वानर होते म्हणान.”

“त्येंच्या यंत्राक वानर म्हायत नाय!”

तिने पेन्सिल काढली. काय बोलायचं ते माझ्या पुसलेल्या फळीवर लिहिलं. नाव. परीक्षा क्रमांक. ‘तो आवाज माझ्या काकांचा. ते वानरांशी बोलत होते.’ घोटभर पाणी प्यायली आणि नंबर लावला.

‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ मग गाणं. मग खट्. पुन्हा नंबर. दुपार कलली. सोळा वेळा तेच गाणं ऐकून झालं. सतराव्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा पाचाला आठ मिनिटं होती, आणि वानर परत आले. थेट आमच्याच कलमावर. एक कैरी पडली, दुसरी पडली.

काकांनी डबा उचलला. किशोरीकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसले.

“खांव देत,” ते कुजबुजले.

तिसरी कैरी माझ्यावर आदळली. किशोरी दचकली. तिचा हात माझ्यावर होता, म्हणून मला कळलं. पण नजर फोनवरून हटली नाही.

फोनच्या पलीकडे जो कोणी असशील, तुला माझं एकच सांगणं. मलाही एकदा उलटीपालटी करून बाजूला टाकलं होतं. ज्या फटीवर सगळे हसले, तिच्यातच आज हा फोन उभा आहे. या मुलीचं ऐकून तरी घे. नाही ऐकलंस तर अठराव्यांदा लावेल. मी इथून हलत नाही, आणि तीही.

गाणं मध्येच तुटलं.

“नमस्कार, बोला.”