कोरी ठेवायची खाच

मी एक गिटार बोलतेय, असं म्हणायचं मनात होतं. पण ते कितपत बरोबर ठरेल, ठाऊक नाही. मी गिटारचं नुसतं धड आहे. ज्यावर तारा ताणतात तो लांब गळा मला अजून जोडलेला नाही. कोपरगावातल्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या कपाटावर, जुन्या धोतराच्या घडीवर मी आडवी पडून असते. पॉलिश मात्र असं झालंय, की आलेल्या माणसाला आपलं तोंड माझ्यात दिसावं. येतं कोणी क्वचितच.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यातला. घरी बसून आपल्या हातांनी जोडायच्या गिटारचा एक संच तिथे मिळायचा. त्यात धड, गळा, तारा, आवाज पकडणारी तांब्याच्या तारेची वेटोळी, स्क्रू आणि सूचनांचा एक कागद असायचा. मी विजेवर वाजणारी, त्यामुळे माझं पोट पोकळ नाही. मी भरीव, जड, आणि तेव्हा अगदी कोरी होते. अंगाला ना रंग, ना तेल. लाकूड घासून त्याला झिलई आणायचं काम विकत घेणाऱ्याचं.

मला गोरक्षने घेतलं. तो तिकडे इंजिनिअर होता. त्याने खोका उघडला, मला मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ नुसता अंगठा फिरवत बसला. मग गळा आणि तारा परत खोक्यात ठेवल्या, मला एका ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि गावी निघालेल्या मित्राच्या सामानात घातलं. सोबत वडिलांना चिठ्ठी होती: ‘आबा, याच्या लाकडाचं काम तुमच्या हातचं असावं असं वाटतं. बाकीचं सामान घेऊन मी दिवाळीला येतो. दोघं मिळून जोडू. ही माझी पहिलीच आहे.’

१९७२ सालचा फेब्रुवारी होता तो. आबासाहेबांनी ती चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली, मग चष्मा पुसून बसून वाचली.

आबासाहेब साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. रसायनशास्त्रातले डॉक्टर. बायको पुष्पावती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते एकटे. सकाळी साळूबाई येऊन स्वयंपाक करून जायच्या. कोणतंही माप तीनदा घेतल्याशिवाय आबासाहेबांना ते खरं वाटत नसे. दाराला कुलूप लावून रस्त्यापर्यंत गेलेला हा माणूस कुलूप ओढून बघायला परत यायचा. अशा माणसाच्या हाती मी पडले.

त्यांनी आधी पुस्तकं मागवली. वार्निश, राळ, लाख यांच्यावर वही भरून टिपणं काढली. मग ओसरीत सतरंजी अंथरून काचकागदाने मला घासायला बसले. रोज सकाळी दोन तास. जाड कागद, मध्यम कागद, बारीक कागद. ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. वाळू द्यायचं आणि ते तंतू पुन्हा घासायचे. त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येत होतं. वाटीतलं पाणी फडक्यावर घेताना ते हळूच स्वयंपाकघराकडे बघायचे.

“दिसतंय मला,” आतून साळूबाई म्हणायच्या. “भांडी राखेनं घासून ठिवती मी, अन् हितं लाकडाला आंघोळ.”

“अर्धी वाटीच घेतली आहे.”

“घ्या की. पन एवढं घासून लगीन करून द्यायचंय का तिचं? चैतापास्नं हळद लावल्यागत चाललंय.”

आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं, काहीतरी लागल्यासारखं थांबले आणि पुन्हा कागद उचलला. मला कुठेच काही लागत नव्हतं. पण माझंही कोण ऐकणार?

जूनमध्ये पॉलिशवाले नियाजभाई आले. बाजारपेठेतल्या अर्ध्या दुकानांची कपाटं त्यांच्या हातची. त्यांनी मला उचललं, डोळ्यापाशी धरून उजेडात तिरकं केलं.

“साहेब, हे घासून झालं दोन महिन्यांमागेच. तुम्ही आता लाकूड कमी करताय.”

आबासाहेब एकदम हात मागे घेऊन बसले. मग ते आत चहाचं सांगायला गेले, तेव्हा साळूबाई बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, “भाई, त्यांना बोलू नका. भ्यालेत ते. हा गोरक्ष शाळंत हुता तवा त्यानं चहाच्या खोक्याच्या फळ्या जोडून असंच वाजवायचं केल्तं. बापाला दाखवाया आनलं. सायबांनी नुसतं बोट फिरवलं अन् म्हनले, खडबडीत हाय. तेवढंच. त्यापास्नं पोरानं बापाला कायबी दाखवलं न्हाई. विलायतेला गेला ते बी ठरल्यावर कळालं. आता हे पाठवलंय.”

दाराच्या पडद्याआड आबासाहेबांचे पाय मला दिसत होते. चहाचं सांगायला साळूबाईच आत नव्हत्या, तेव्हा ते परत फिरले होते.

त्या दिवसापासून नियाजभाई त्यांना शिकवू लागले. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवायची. कापसाची गादी मलमलीत बांधून ती त्यात बुडवायची. हात कुठे थांबू द्यायचा नाही. “थांबला की डाग पडतो. किताब बाजूला ठेवा साहेब, मनगट ढिलं सोडा.” आबासाहेबांचं मनगट ढिलं व्हायला बरेच दिवस लागले. पण झालं. माझ्या अंगात मधाचा रंग उतरू लागला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला वाटतं, थोडा आराम.

एकच गोष्ट नियाजभाईंनी दोनदा बजावली. माझ्या वरच्या टोकाला एक चौकोनी खाच आहे, गळा बसायची. तिच्यावर त्यांनी नखाने टकटक केलं. “हिला थेंब लावायचा नाही. कपाट असो, पलंग असो, जोड कोराच ठेवतो आम्ही. लाकडाला लाकूड लागलं पायजे.” आबासाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघही मारली.

पोळ्याच्या सुमारास नियाजभाई म्हणाले, “बस. आता हात लावू नका. पोराची वाट बघा.”

हेच आबासाहेबांना जमणारं नव्हतं.

दिवाळीच्या आधी पत्र आलं: रजा मिळाली नाही, संक्रांतीला येतो. आबासाहेबांनी पत्राची घडी घातली, मला कपाटावरून खाली घेतलं आणि खाचेकडे बघत बसले. सगळं अंग चकाकतंय आणि तेवढी जागा उघडी, फिकट. भिंग आणून त्यांनी ती तपासली. उघड्या लाकडात दमट हवा शिरते, कीड लागते, चीर जाते. पुस्तकात हे सगळं होतं. त्यांनी बारीक कुंचल्याने एक पातळ थर दिला. एकच.

संक्रांतीलाही तो आला नाही. आणखी एक थर. मग पत्राची वाट बघताना एक, पत्र आलं तेव्हा एक, पत्रात येण्याचा विषयच नव्हता म्हणून दोन. कोपऱ्यांमध्ये लाख साचून गोल झाली. बाहेर सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. नदीचं पात्र पांढरं पडलं होतं, ओसरीवर रोज धूळ बसायची. कसली दमट हवा आणि कसली कीड! पण त्यांना काहीतरी करायला हवं होतं, आणि करण्यासारखी माझ्यातली तेवढीच जागा उरली होती. मला ते नको होतं असं तरी कसं म्हणू? त्या दिवसांत त्यांचा हात माझ्याजवळ असायचा.

१९७३च्या मे महिन्यात गोरक्ष आला नाही, गळा आला. दुसऱ्या कोणाच्या तरी सामानातून, तारांसकट. चिठ्ठीत होतं: ‘इतक्यात जमेलसं दिसत नाही. तुम्हीच बसवून बघा आबा. चार स्क्रू आहेत. बसल्याचं कळवा.’

आबासाहेबांनी दुपारी दार लावून घेतलं. गळा खाचेवर ठेवला. तो आत गेला नाही. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. अडत होतं ते बोटाच्या नखाएवढंही जाड नव्हतं, पण गळा वरच राहिला. त्यांनी तळवा टेकून जोर दिला. माझ्या कडेशी बारीक आवाज झाला आणि लाखेला केसाएवढी चीर गेली.

ते हळूच खाली बसले. वहीत ती रेघ मारलेली ओळ त्यांनी शोधून काढली.

संध्याकाळी नियाजभाई आले. त्यांनी खाचेत बोट घालून चारही कोपरे चाचपले. मग म्हणाले, “किती थर दिले साहेब?”

“मोजले नाहीत.”

“तुम्ही? मोजले नाहीत?” नियाजभाई हसले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. “जाऊ द्या. पटाशी आणतो, लाख खरवडून काढतो. दहा मिनिटांचं काम आहे. त्याला कळणार पण नाही.”

“नको,” आबासाहेब म्हणाले. “कळू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पत्र लिहायला बसले. लिहिलेलं स्वतःशी पुटपुटत वाचायची त्यांना सवय आहे, म्हणून मला ऐकू आलं. पहिल्या पत्रात होतं, गळा उत्तम बसला. ते फाडलं. दुसऱ्यात होतं, हवामानामुळे लाकूड फुगलं असावं. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. दोन वर्षं पाऊस नाही. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, फुगत नाही. तेही फाडलं. तिसरं पत्र लहान होतं.

‘चि. गोरक्ष, गळा बसला नाही. चूक माझी आहे. खाच कोरी ठेवायची होती, मी तिला थर देत राहिलो. तू येत नव्हतास म्हणून. तू शाळेत असताना चहाच्या खोक्याच्या फळ्यांची गिटार केली होतीस. ती मला आवडली होती. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून मी बोट फिरवलं.’

ते घेऊन स्वतः चालत पोस्टात गेले. कुलूप बघायला त्या दिवशी परत आले नाहीत.

उत्तर यायला दोन महिने लागले. निळ्या पाकिटात चार ओळी आणि मध्ये घडी घातलेला काचकागदाचा एक तुकडा. ‘आबा, खाचेला हात लावू नका. नियाजभाईंनाही लावू देऊ नका. मी आलो की आपण दोघं घासू.’ येण्याची तारीख कुठलीच नव्हती. आबासाहेबांनी पाकीट उलटं करून आतही बघितलं.

आता १९७४ लागलं आहे. तो तुकडा माझ्या खाचेत ठेवलेला आहे, न वापरलेला. आबासाहेब रोज सकाळी माझ्यावरची धूळ झटकतात, पण नवा थर देत नाहीत. कुंचला त्यांनी नियाजभाईंना देऊन टाकला. साळूबाई पोळ्या लाटताना विचारतात, “काय म्हनतोय पोरगा?” आणि ते म्हणतात, “येतो म्हणतोय.” गळा माझ्या शेजारीच धोतराच्या घडीवर आडवा असतो. आम्हा दोघांमध्ये वीतभर जागा आहे.

गोरक्ष, हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. मी घाई करत नाही. लाकडाला वाट बघता येते. पण आबासाहेबांचा उजवा हात हल्ली थरथरतो, चहाची बशी वाजते ती मला इथे कपाटावर ऐकू येते. थर दिसतात तेवढे जाड नाहीत. कागद तू धर, मला ते धरतील. एका सकाळचं काम आहे.