डोंगरातला कोरा पट्टा

चीनमधल्या हांगचौच्या दक्षिणेकडच्या एका शहरात, नव्या कलादालनाच्या भिंतभर डिजिटल पडद्यावर चित्रकार रुआन सूपिंगने डोंगर उभा केला होता. तो पृथ्वीवर कुठेच नव्हता. त्यामुळे त्याच्यावर रोप-वे बांधता येणार नव्हता, याचं संचालक होंग यांना मनापासून दुःख होतं. कडे होते, पाइन होते, प्रकाशाचे धबधबे होते. मधला मोठा पट्टा मात्र तिने कोरा ठेवला होता, जुन्या कागदाच्या रंगाचा. त्या मुलखातले चित्रकार धुकं पिढ्यान्‌पिढ्या असंच काढत आले. म्हणजे काढतच नाहीत.

“रुआनबाई, उद्या उपमहापौर फान येतायत. त्यांना वाटेल पडदा बिघडलाय.”

“बिघडलेला पडदा काळा दिसतो, होंगसाहेब.”

“एक बुलेट ट्रेन सोडा की त्यातून! छोटीशी. नाहीतर करकोचे तरी.”

“करकोचे आपणहून आले तर हाकलणार नाही.”

“साहेबांनी नाक मुरडलं ना, तर डोंगर उतरवून पांडा लावीन. तयार आहे माझ्याकडे. बांबू खातो, हात हलवतो.”

“लावा,” सूपिंगने चहाच्या पेल्यात आणखी गरम पाणी ओतलं. “पण हा पट्टा भरायचा नाही. तो भरला की उरतो तो नुसता दगडांचा ढीग.”

दुसऱ्या दिवशी फानसाहेब लवाजम्यासह आले आणि नेमके कोऱ्या पट्ट्यासमोर थबकले. होंग यांना घाम फुटला. पण साहेब रोज पहाटे सुलेखन घोटत, आणि त्यांच्या हाताखालचे रोज दुपारी ते वाखाणत. जुन्या चित्रांच्या कोऱ्या जागेत बादशहा कविता लिहीत, शिक्के मारीत, हे त्यांना पाठ होतं. त्यांचे डोळे पाणावले.

“एवढी जागा... माझ्यासाठी सोडलीत?”

“म्हणजे काय साहेब!” होंग म्हणाले.

सेक्रेटरीचा चेहरा पडला. हल्ली अधिकाऱ्यांनी कुठेही आपली अक्षरं ठेवू नयेत, असा वरूनच दंडक होता. पण साहेबांचा हात धरणार कोण?

“लिहा ना,” सूपिंग शांतपणे म्हणाली. “बोटानं. भिंतीला स्पर्श कळतो.”

साहेबांनी बाही सारली आणि वरून खाली चार ठसठशीत चिनी अक्षरं काढली, एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द: डोंगर उंच, जनता सुखी. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो चालू असतानाच दरीतून पांढरं काहीतरी वर सरकू लागलं. हात लागेल तिथे धुकं यावं, अशीच ती भिंत सूपिंगने घडवली होती. धुक्यात आधी सुख गेलं, मग जनता, मग उंची, आणि शेवटी डोंगर. पट्टा होता तसा कोरा झाला. होंग यांचे तळवे हवेतच राहिले.

“गेलं?” साहेबांनी विचारलं.

“गेलं. इथे धुकं सगळ्यांनाच आत घेतं, साहेब. मी कुणासाठी अडवत नाही.”

सेक्रेटरीच्या जिवात जीव आला. “वा साहेब! लिहिलंत, आणि मागे काही राहिलंही नाही! याला म्हणतात नम्रता.”

आपला अपमान झाला की सुटका, हे ठरवायला साहेबांना जरा वेळ लागला. मग ते गंभीरपणे म्हणाले, “ही जागा अशीच राहू द्या. कुणी काही भरायचं नाही.”

“मी कालपासून हेच सांगतोय साहेब,” होंग म्हणाले.

लवाजमा पुढच्या दालनाकडे वळला. साहेब मात्र रेंगाळले.

“रुआनबाई,” ते हळूच म्हणाले, “‘उंच’ जरा वाकडं आलं होतं. परत एकदा लिहू?”

“लिहा की,” सूपिंग बाजूला झाली. “भरपूर जागा आहे.”