हातभर आखूड केबल

रत्नाकर माणूस वाईट नव्हता हो, पण त्या दिवशी त्यानं शेण खाल्लं ते खाल्लंच.

सन २००८. चंद्राभोवती फिरणारं यान नेमकं कुठे आहे, हे चार गावच्या रेडिओ दुर्बिणी मिळून शोधत होत्या. त्यातली एक चेन्नईजवळ अंबत्तूरला, एका छोट्या संस्थेच्या आवारात. तिथे नागपूरचा रत्नाकर इंजिनिअर होता. यानाचा संदेश कुठे आधी पोचतो, कुठे मागून, त्या फरकावरून जागा काढायची. म्हणून रीत एकच. आधी फार दूरच्या, जागच्या न हलणाऱ्या स्रोताकडे बघून सगळ्यांची वेळ जुळवायची, मग चंद्राकडे वळायचं. मधे कशाला हात लावायचा नाही.

रत्नाकरनं लावला. जुळवणी झाल्यावर केबलचा जोड सैल दिसला, म्हणून दुसरी केबल टाकली. ती हातभर आखूड होती. पुन्हा जुळवायचं तर पाऊण तास जाणार, तोवर चंद्र मावळणार. हातभरानं काय बिघडतंय, असं म्हणून गड्यानं वहीत नोंदसुद्धा केली नाही.

बिघडलं. आखूड केबलमधून संदेश किंचित आधी पोचला, आणि हिशेबात यान शंभरेक मीटर भलतीकडेच निघालं. संशय गेला अणुघड्याळावर, आणि ते सांभाळायचे गुरुमूर्ती. तंजावरी मराठी माणूस, निवृत्तीला आठ महिने उरलेले. चौकशी झाली, त्यांच्याकडून घड्याळाचं काम काढून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि चोर मूग गिळून बसलेला.

तीन आठवडे रत्नाकरला अन्न गोड लागलं नाही. गुरुमूर्ती मात्र कुणावर चिडले नाहीत. एका दुपारी कॅन्टीनमध्ये, तमिळमध्ये धाकट्या भावाला हाक मारतात तसं म्हणाले, "तंबी, चूक माझीच असणार. आकडा वाचताना नजर फिरली असेल."

रत्नाकरला स्वतःची किळस आली. "सर, केबल मी बदलली होती, जुळवणीनंतर. कुणाला सांगितलं नाही. आत्ताच साहेबांना लिहून देतो."

आता हे ताट फेकून मारतील, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझी नजर ठीक आहे?"

"ठीक आहे, सर."

"डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. मग वाटलं, डोकंच गेलं. बायकोला सांगून ठेवलंय, मला गॅसला हात लावू देऊ नकोस, नातवाला एकट्याला माझ्याकडे सोडू नकोस." ते घाईनं उठले. "थांब, आधी तिला फोन करतो."