बिनवासाची गाडी

उस्तादांनी टॅक्सीच्या बॉनेटखाली मान घातली, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. टॅक्सीवाला अदबीने शेजारी उभा. या गॅरेजची रीतच ती. काम संपलं की उस्ताद वास घेणार, होकाराची मान हलवणार, मगच गाडी बाहेर. पेट्रोल थेंबभर झिरपलं तरी त्यांना कळतं, असा लौकिक होता.

उस्तादांनी मान हलवली, पण नुसतीच. हिवाळ्यातल्या तापापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. ना पेट्रोलचा, ना उतू गेलेल्या दुधाचा. नाकानेच नाव मिळवून दिलं होतं. ते नाकच गेलं हे कुठल्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात त्यांची लेक चाचणीची हायड्रोजन गाडी घेऊन आली. गाडी मांजरासारखी, आवाज न करता आत शिरली. सवयीने उस्ताद वाकले.

"बाबा, नाक नका खुपसू, उपयोग नाही. या गॅसला वासच नसतो. पेटला तरी उन्हात ज्योत दिसत नाही."

"मग कळतं कसं?"

तिने गळ्यातलं पिवळं यंत्र दाखवलं. "हे बोंबलतं. पेटणारी कुठलीही वाफ असो."

"म्हणजे भूतच की!" टॅक्सीवाला हसला. "आणि गॅस भरायचा कुठे?"

"तीच तर रड आहे. शहरात एकच पंप."

आजवर या गाड्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या उस्तादांनी हळूच विचारलं, "पण पेट्रोल जाणार कधी?"

"तुम्ही काम करताय तोवर तरी नाही."

उस्तादांचा चेहरा पडला. लेकीला नवल वाटलं. बाबांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

टॅक्सीवाला गाडीत बसला. त्याला निरोप द्यायला ती खिडकीशी गेली आणि गळ्यातलं यंत्र किंचाळलं. उस्ताद दचकून हायड्रोजन गाडीपासून मागे सरले. लेक मात्र जागीच थिजली. तिने हवा हुंगली.

"काका, किल्ली फिरवू नका! उतरा आधी!"

टॅक्सीखाली ओला डाग पसरत होता. पेट्रोलच्या नळीवरची पट्टी उस्तादांनीच बसवली होती, ती सैल राहिली होती.

"तुम्हाला वास नाही आला?" लेकीने टॅक्सीवाल्याला विचारलं.

"आला की," तो घाम पुसत म्हणाला. "पण उस्तादांनी मान हलवली ना. म्हटलं, आपलंच नाक खोटं."

लेकीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. मग तिनेच गॅरेजची दारं सताड उघडली, पट्टी आवळली, डाग पुसून घेतला.

यंत्र गप्प झालं, तरी टॅक्सीवाला जागचा हलेना.

"उस्ताद, आता तुम्ही एकदा वास घ्या. म्हणजे मी निर्धास्त निघतो."

उस्तादांनी मान हलवली, पण आडवी.

"तू बघ," ते लेकीला म्हणाले.