खोली निवळेपर्यंत

दंतविभागाचं कुलूप निघालं तेव्हा डॉक्टरीणबाईंना वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत शिरतोय. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी, जमिनीवर लोळणारं पिवळं ऊन आणि साथीच्या काळात महिनोन्‌महिने साचलेली शांतता. नर्सने नळ्यांतलं शिळं पाणी सोडून दिलं. ते वाहताना दोघी नुसत्या बघत राहिल्या. मग खोलीतली हवा बाहेर जाते का ते बघायला खुर्चीपाशी धुराची कांडी पेटवली. धूर जरा रेंगाळला, आळसावला आणि मुकाट्याने नव्या पंख्यातून बाहेर निघून गेला.

"हुश्श! हवेला वाट सापडली एकदाची," नर्स म्हणाली.

बाईंचा जीव मात्र टांगणीलाच होता. पहिले पेशंट होते बँडमधले क्लॅरिनेटवाले काका. विभाग बंद झाला त्याच्या आदल्याच दिवशी बाईंनी कॅप बसवण्यासाठी त्यांचे वरचे पुढचे दात कापून लहान केले होते. कॅप तयार होऊन कपाटात पडल्या आणि काका खुंटांवर दिवस काढत राहिले. वरच्या दातांचा टेका नसला तर क्लॅरिनेट वाजत नाही. काकांचं वाजवणं आपण बंद पाडलं, हे बाईंना घास गिळताना आठवायचं.

काका आले. बाईंची टोपी, मास्क आणि चेहऱ्यावरचं झाकण निरखून म्हणाले, "पोरी, दात बसवतेस की चंद्रावर निघालीस?"

खुंट थोडे घासावे लागले, पाण्याचे तुषार उडाले आणि कॅप बसल्या. काकांनी लगेच पिशवीतून क्लॅरिनेट काढलं.

"अहो काका, इथे फुंकायचं नाही!" नर्स ओरडली. "दुसरं काहीही करा. आता हवा निवळेपर्यंत ही खोली बंद."

मग काका खाली अंगणात गेले, बाई वर गॅलरीत उभ्या राहिल्या. पहिला सूर निघाला आणि चिरकला. दुसराही चिरकला. बाई कठड्यावरून वाकल्या.

"काका, वर या! कॅप उंच राहिलीय, घासून देते!"

काकांनी मान हलवली. "दात फक्कड बसलेत गं. तुझी काकू गेली ना, या साथीत. जाताना म्हणाली, एकदा वाजवा. तेव्हा दात नव्हते. आता दात आहेत, तर ओठ थरथरतोय. थांब जरा."

काकांनी डोळे पुसले आणि क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावलं. या वेळी सूर टिकला. लांबत लांबत तो अंगण ओलांडून वर आला आणि त्याच्यामागून अख्खी चाल आली, सावकाश, कसलीही घाई नसलेली. बाई कठड्याला धरून रडल्या.

नर्स मागे येऊन उभी राहिली. "बाई, वेळ झाली. खोली उघडू? पुढचा पेशंट आलाय."

"हवा अजून निवळली नाही," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ राहू दे बंद."

नर्सने खाली अंगणात पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि तीही कठड्याशी उभी राहिली.