मापाला माणूस

मोटेलच्या खिडकीतला पाऊस बघून लोर्नाला आता शिसारी आली होती. व्हरमाँटला आल्या दिवसापासून त्याचा हाच खेळ चालला होता. मध्येच थांबायचा, तिचा नवरा मेरिल कॅमेऱ्याची बॅग उचलून दारापर्यंत जायचा, की पुन्हा धो धो. वारा तर असा सुटला होता की डोंगरावरची निम्मी पानं फोटोआधीच रस्त्यावर आली होती. मेरिल दर घटकेला फोनवर हवामान बघत होता, जसं काही त्याने बघितलं की ढगांना लाज वाटणार होती.

"आज दुपारी निघायचंय आपल्याला," ती म्हणाली. "माझा फोटो?"

"अगं, उजेड तर येऊ दे! उजेड आला की पहिला तुझा. पुलावर. झालं समाधान?"

फोटो लेकीला हवा होता. कॉरिनचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि हॉलच्या दारात दोन्हीकडच्या आईवडिलांचे फोटो मांडायचे होते. 'आई, तुझा चेहरा दिसेल असा एक पाठव,' असा तिचा निरोप आला आणि लोर्नाने घरातली फोटोंची सगळी खोकी उपसली. दर वर्षीची पानगळ त्यात होती. पिवळे बर्च, लालभडक मेपल, धुक्यातली तळी. ती स्वतःही होती, नखाएवढी, लाल जाकिटात, पाठमोरी. इतक्या वर्षांचा संसार झाला आणि नवऱ्याकडे बायकोचं तोंड नव्हतं.

"झाड केवढं थोराड आहे ते कळायला माणूस लागतो," मेरिल नेहमी समजवायचा. "मापाला." ते लाल जाकीटही त्यानेच आणलेलं, तिच्या वाढदिवसाला. आणि ही वेडी तेव्हा हरखून गेली होती!

फोन काय, कुणीही समोर धरला असता. गावातल्या स्टुडिओतही जाता आलं असतं. पण तिला तो फोटो मेरिलच्या हातचा हवा होता. एकदा तरी त्याने तिच्याकडे बघून बटण दाबावं, बस्स.

पुलापाशी पोचले तेव्हा ओढ्याकाठी फोटोवाल्यांची रांग आधीच लागली होती. कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर छत्र्या, आणि सगळे आभाळाकडे डोळे लावून. मेरिलने रेटून ट्रायपॉड लावला. लोर्ना रस्त्यापलीकडे व्हर्नाच्या दुकानाच्या वळचणीला उभी राहिली. दर वर्षी ती इथेच उभी राहून सफरचंदाचा गरम रस प्यायची, त्यामुळे दोघींची चांगली ओळख होती.

"आज तरी काढणार का तुझा?" व्हर्नाने विचारलं.

"कबूल तर केलंय."

तेवढ्यात ढग फाटला. उन्हाची तिरीप डोंगरावरून घसरत पुलामागच्या मेपलवर आली आणि ते झाड पेटल्यासारखं झालं. रांगेत एकच गलका उडाला.

"लोर्ना! पळ! पुलाच्या मध्यावर!" मेरिल ओरडला.

ती धावली. या वयात, ओल्या फळ्यांवरून, गुडघा कुरकुरत असताना धावली. मध्यावर आली, केस मागे सारले आणि त्याच्याकडे तोंड करून हसली.

"अगं पाठ कर! पाठ!"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डोंगराकडे बघ! लवकर, ऊन जातंय!"

"माझा फोटो काढणार होतास ना तू!"

"मागून काढतो ना! तुझाच आहे तो!"

रांगेतला कुणी एक उपराही ओरडला, "बाई, वळा ना जरा! लाल जाकीट फक्कड दिसतंय!" बाकीचे हसले. मेरिलही हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागची हलली नाही. दोन्ही हात कठड्यावर रोवून, तोंड पुढे करून उभी राहिली. काढ. हे तोंड आहे माझं. काढ!

ऊन गेलं. पाऊस आला. मेरिल नुसताच उभा होता. बटणावरचं बोट त्याने दाबलंच नव्हतं.

"सगळी वाट लावलीस," ती जवळ आल्यावर तो म्हणाला. "मधे तुझा चेहरा येत होता."

लोर्नाने जाकीट काढलं, पुलाच्या खांबाला अडकवलं, बाह्या नीट खाली सोडल्या.

"हे ठेव. तुला एवढंच लागतं."

"आता काय तमाशा करतेस? भिजशील ना!"

ती निळ्या स्वेटरवर भिजत दुकानापाशी आली. तिने फोन व्हर्नाच्या हातात दिला.

"माझा फोटो काढ. आत्ता. असाच."

"अगं, नाक लाल झालंय तुझं. चेहरा तर असा की कुणाला तरी खाशील."

"तोच काढ. कॉरिनला ओळखीचा आहे."

व्हर्नाने फोन वर धरला, मग मान वाकडी करून पुलाकडे बघितलं. तिकडे मेरिल पुन्हा ट्रायपॉडवर वाकला होता, नखाएवढा, पाठमोरा.

"तुझा नवरा मधे येतोय गं मागे. बाजूला व्हायला सांगू का त्याला?"

"राहू दे," लोर्ना म्हणाली. "मापाला."